तीन मिस कॉल

देऊळघाटच्या स्टँडवर माझं दुकान आहे. आधी तो एसटीडीचा बूथ होता. काचेची खोली, आत पंखा, बाहेर रांग, आणि रांगेत भांडणं. मग ज्याच्या त्याच्या खिशात मोबाइल आला आणि माझ्या काचेच्या खोलीत बायकोने कांद्याची पोती ठेवली. आता मी रिचार्ज मारतो, बॅटऱ्या बदलतो आणि अर्ध्या गावाला त्यांच्याच फोनवर आलेले मेसेज वाचून दाखवतो. वाचताना वैतागतोही. सुभद्रा म्हणते, "तुमच्या तोंडानं गिऱ्हाईक पळते." पळून जाणार कुठे? त्यासाठी बुलढाण्याची एसटी धरावी लागते.

आमच्याकडे मिस कॉलवर अर्धा संसार चालतो. शेतातून नवऱ्याने एक दिला म्हणजे भाकर घेऊन निघ. कापूसवाल्याने संध्याकाळी मनकर्णाबाईला एक दिला की ती सकाळी वेचणीच्या सगळ्या बाया घेऊन त्याच्या वावरात हजर. अशा वेळी कोणी चुकून फोन उचलला तर शिव्या खातो, कारण उचलला की समोरच्याचा बॅलन्स कटतो. आणि अनोळखी नंबरचा मिस कॉल आला तर तो परत लावायचाच. कोण कुठे अडलं असेल, काय सांगावं? परत न लावणं म्हणजे दारात आलेल्याला पाणी न विचारणं. ही आमची रीत. आणि तिकडे कुठल्या तरी देशात बसलेली हरामखोर माणसं या रीतीवर आपली पोळी भाजून घेत होती.

मला राग आहे तो याचा. पण त्या रागाचा खैरुनभाभीला काडीचा उपयोग झाला नाही.

खैरुन्निसाभाभी म्हणजे रहेमतुल्ला पिंजाऱ्याची बायको. रहेमतभाई गाद्या भरायचा. खांद्यावर कापूस पिंजायची धनुष्यासारखी पिंजण टाकून गावोगाव फिरायचा, आणि त्या पिंजणीच्या ताणलेल्या दोरीचा, तातेचा, आवाज आला की आमच्या आईला जुन्या गाद्या आठवायच्या. घरचं थोडं वावर होतं, त्यात कापूस. बीटीचं बियाणं आलं तेव्हाच्या पहिल्या साली त्यांच्या वावरात बोंडं अशी लागली होती, की रहेमतभाई रस्त्याने जाणाऱ्याला हाताला धरून बांधावर न्यायचा. त्याच कापसाची थोडी रुई त्याने जिनिंगवरून परत आणली आणि घरात माळ्यावर बांधून ठेवली. म्हणाला, "मोईजच्या लग्नाची गादी आपल्याच वावरातल्या कापसाची भरीन."

मोईज त्यांचा एकुलता एक. माझ्या बूथवर पडीक असायचा. त्याच्या हातात वावर आलं तोवर त्या बियाण्याची नवलाई संपली होती. कधी ऐन फुलावर पाऊस दडी मारायचा, कधी लाल्या रोग येऊन अख्खं रान तांबडं व्हायचं. दर साली बी नवं, फवारा नवा, आणि शेवटी मान वर करून आभाळाकडे पाहणं जुनंच. तिकडे टेम्पोतून स्पंजच्या गाद्या दारात यायला लागल्या आणि रहेमतभाईची पिंजण भिंतीला लागली. एक दिवस मोईज येऊन म्हणाला, "मोतीरामकाका, मी सौदीले चाललो. तठी बांधकामावर माणसं घेऊन राह्यले."

मी म्हटलं, "अबे, तुले विटेचं वजन तरी माहीत आहे काय?"

"कापसाचं माहीत होतं, त्याचं काय झालं?" तो म्हणाला.

जायच्या आदल्या दिवशी तो आईला घेऊन दुकानात आला आणि मिस कॉलची खूण माझ्यासमोर ठरली. एक म्हणजे मी खुशाल आहे. दोन म्हणजे रविवारी बोलतो, घरी थांबा. आणि तीन म्हणजे मी निघालो, घरी येऊन राह्यलो. भाभीने बोटांवर तीनदा म्हणून दाखवलं. मग त्याने आईला बजावलं, "अम्मी, उचलायचा नाई बरं. नुसता वाजू द्यायचा."

तेव्हापासून दर शुक्रवारी, दुपारची नमाज झाली की, तो फोन वाजायचा. भाभी तो ओट्यावर ठेवून त्याच्याकडे पाहत बसायची. वाजून थांबला की उचलून पदराने पुसायची. तिच्यासाठी तेवढं पुरेसं होतं. तीन मात्र कधी आले नाहीत.

मग गेल्या साली, कापसाची पहिली वेचणी सुरू असताना, शुक्रवार कोरा गेला. पुढचाही गेला. मी मोईजचा नंबर लावला तर बंद. तिकडेच कामाला असलेल्या आमच्या गावच्या आमीरने कळवलं, की मालक पगार देईना म्हणून मोईज तिथून पळाला. त्याचा पासपोर्ट मालकाकडेच अडकला आहे, आणि तो आता कुठे आहे ते कोणालाच ठाऊक नाही. रहेमतभाई बुलढाण्याला कलेक्टर कचेरीत अर्ज देऊन आला. साहेबांनी विचारलं, "मुलगा नेमका कुठे आहे?" तो म्हणाला, "तेच तर विचाराले आलो, साहेब."

अशात एका सकाळी खैरुनभाभी अनवाणी पळत दुकानात आली. हातात फोन.

"मोतीरामभाऊ, बाहेरच्या देशाचा मिस कॉल आहे. एकच. मोईजच असल ना?"

मी नंबर पाहिला. सौदीचा नव्हता. सौदीचे आकडे मला झोपेतही ओळखता येतात. हा कुठल्यातरी बेटाचा होता, आणि हाच नंबर दोन दिवसांपूर्वी कृषी केंद्रवाल्या हिंमतरावांच्या फोनवरही आला होता. त्यांनी रीतीप्रमाणे परत लावला. तिकडून गाणं वाजलं, एक बाई काहीतरी गोड बोलली, आणि हिंमतराव ऐकत राहिले. ऐकता ऐकता फोन आपोआप कटला, कारण बॅलन्स साफ. नवीन रिचार्ज मारून ते पुन्हा लावायला निघाले होते. मी त्यांचा हात धरला म्हणून वाचले.

"भाभी, हे चोर आहेत," मी सांगितलं. "एकदा वाजवते अन् ठेवून देते. आपण लावला की मिनिटामिनिटाले आपला पैसा त्यायच्या घशात. मोईज नाई हा. लावू नोका."

"लावला मी," ती म्हणाली. "एक बाई बोलली. मंग गाणं लावलं. मंग कटला. दवाखाना असल काय हो?"

मी तिला सगळं समजावलं. काउंटरवर तीन जुन्या बॅटऱ्या मांडून देश दाखवले, हा आपला, हा सौदी, हा तो चोरांचा. ती लक्ष देऊन ऐकत होती. शेवटी म्हणाली, "पण तो पळाला ना भाऊ? पळालेला माणूस एका जागी काऊन राहील? या दुसऱ्या देशात गेला असल."

उत्तर होतं, पण पासपोर्ट नसलेल्या माणसाला समुद्र ओलांडता येत नाही हे एका आईला समजावण्याइतकी माझी जीभ कडू नाही. लोक काही म्हणोत.

मी कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. एक दाबा, दोन दाबा, पुन्हा एक दाबा. अखेर एका पोराने तिकडून शुद्ध भाषेत सांगितलं, की ग्राहकाने स्वतःहून लावलेल्या कॉलची जबाबदारी ग्राहकाची असते, आणि आणखी काही मदत हवी आहे का? मी त्याला जी मदत मागितली ती इथे लिहिता येणार नाही. मग रहेमतभाईला घेऊन पोलिसांत गेलो. हवालदार म्हणाला, "लावा म्हून त्यायनं सांगतलं होतं काय? मंग?" आम्ही चहा पिऊन परत आलो.

भाभी लावतच राहिली. मी तिला रिचार्ज द्यायचं बंद केलं. "माझ्या दुकानातून एक पैसा त्या चोरायले जाणार नाई," असं स्टँडवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडलो. दुसऱ्या दिवशी ती एसटीने बुलढाण्याला गेली आणि तिकडून रिचार्जची खरवडायची कार्डं घेऊन आली. आणि आली ती पुन्हा माझ्याच दुकानासमोरच्या बाकड्यावर बसली, कारण तिच्या घरात फोन वाजतो, पण बोलायला घेतला की रेंज जाते. कार्ड खरवडून आकडे टाकायलाही तिने मलाच सांगितलं. मी टाकले. काय करणार?

त्या दिवशी मात्र मी बसलो तिच्याशेजारी. म्हटलं, "भाभी, खरं सांगा, तुम्हाले अजूनई वाटते काय तो मोईज आहे म्हून?"

तिने फोन पदराने पुसला.

"नाई वाटत," ती म्हणाली. "मी पागल नाई, भाऊ. पण मोईजच्या नंबरले लावलं की बाई म्हणते बंद आहे. आमीरले लावलं तर तो म्हणते माहीत नाई. साहेब म्हणते नंतर या. हा एकच नंबर आहे बाहेरच्या देशातला, जो लागते. कोणीतरी उचलते, थांबा म्हणते. मी थांबते. तेवढा वेळ मले वाटते, कोणीतरी आत बोलावाले गेलं."

मला तिचा राग आला, त्या चोरांचा आला, मोईजचा आला, आणि सगळ्यात जास्त माझाच आला. मी उठलो आणि उगाच एका गिऱ्हाइकावर खेकसलो.

हे असं चाललं. रहेमतभाईने एकदा फोन लपवून ठेवला, तर ती दोन दिवस जेवली नाही. त्याने मुकाट्याने परत दिला. मग शुक्रवार हा तिने त्या नंबराला नेमून टाकला. नमाजेची वेळ सरली, लोक मशिदीतून बाहेर पडले, की ती बाकड्यावर येऊन बसायची, फोन लावायची आणि कार्ड संपेपर्यंत कानाला धरायची. चोर तिला गाणं ऐकवायचे. एसट्या यायच्या, जायच्या. स्टँडवरच्या माणसांना त्याची सवय झाली, आणि लाज वाटते सांगायला, मलाही झाली.

अशाच एका शुक्रवारी ती तशीच बसली होती. दुकानात गर्दी होती. वेचणीच्या बाया मजुरी घेऊन आल्या होत्या, ज्याला त्याला रिचार्ज हवा होता. फोन कटल्यावर ती नेहमी लगेच उठते. त्या दिवशी उठली नाही. फोन डोळ्यांजवळ नेऊन पाहत होती.

"भाऊ," तिने हाक मारली. "मधातच यातून टुकटुक टुकटुक आवाज येऊन राह्यला होता. थांबला, मंग आणखी आला. मले वाटलं, आता जोडून देते ते. हे काय लिहून आलं पहा बरं."

मी फोन हातात घेतला. फोनवर लिहिलं होतं, तीन मिस कॉल. नंबर नवा होता, कधी न पाहिलेला. पण सौदीचा. लागोपाठ तीन, ती चोरांच्या गाण्याला कान लावून बसली होती तेवढ्याच वेळात आलेले.

माझ्या तोंडून नुसतं "तीन आहेत" एवढंच बाहेर पडलं.

"तीन?" ती उभी राहिली. "सौदीचे?"

"हाव, पण भाभी..."

"तीन! मोतीरामभाऊ, तीन!" तिने माझ्या हातातून फोन ओढून घेतला. तो छातीशी धरला. सगळ्या बायांसमोर ती रडली आणि रडता रडता हसली. मनकर्णाबाईला मिठी मारून म्हणाली, "मोईज येऊन राह्यला वं! तीन मिस कॉल देल्ले त्यानं!" आणि गेली पळत घराकडे. मनकर्णाबाईने डोळे पुसले. बायांनी माझ्याकडे पेढे मागितले. मी कोणाचा रिचार्ज कोणाच्या नंबरावर मारला ते मला आठवत नाही.

बूथवर जन्म गेला माझा. फोन कशाला टुकटुक करतो ते मला शिकवायला नको. तुम्ही एकाशी बोलत असता आणि दुसरा माणूस आत यायला धडपडत असतो, तेव्हा तो तसा वाजतो. मिस कॉल देणारा जरासा वाजवून लगेच ठेवून देतो, हा मात्र दरवेळी वाजतच राहिला होता. हे तीन मिस कॉल नव्हते. मोईज तीनदा आईशी बोलायला लावत होता, आणि आईची लाइन बिझी होती.

मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि पाहताक्षणीच पाठ झालेला तो नंबर माझ्या फोनवरून लावला. नुसता वाजत राहिला. पुन्हा लावला. उन्हं कलेपर्यंत लावत होतो. तेव्हा कुठे कोणीतरी उचलला. हिंदी बोलणारा, आपल्याच देशातला कोणीतरी. त्याने सांगितलं, हा भिंतीवरचा फोन आहे, वाजला म्हणून उचलला. कागद नसलेल्या माणसांना पकडून इथे ठेवतात. फोनला रांग असते, पाळी कधीतरी येते.

"मोईज," मी म्हटलं. "देऊळघाट का मोईज, महाराष्ट्र. है क्या?"

"था," तो म्हणाला. "आज उसकी बारी आयी थी. तीन बार लगाया बेचारे ने. घर का फोन बिझी. पीछे से लोग चिल्लाने लगे तो छोड़ दिया."

"कुछ बोला? क्या काम था?"

घरी पासपोर्टची झेरॉक्स होती, तो म्हणाला. त्यावरचा नंबर मोईजला हवा होता. तो नंबर सांगता आला असता, तर घरी पाठवायच्या माणसांत त्याचं नाव आलं असतं. ज्यांना सांगता आला त्यांना इथेच थांबवलं. बाकीच्यांना दुपारनंतर बसमध्ये घालून नेलं.

"कहाँ?"

"हमें कौन बताता है, भाई?"

मी ओरडून म्हटलं, की मी नंबर देतो, आत्ता देतो, घर इथेच आहे, पाच मिनिटं थांब. तो शांतपणे म्हणाला, "किसको दोगे? वो तो गया." मागून कोणीतरी त्याला ओरडत होतं. फोन ठेवला गेला. मी पुन्हा लावला. मग तो कोणी उचलला नाही.

रहेमतभाईच्या घराकडे मी निघालो तेव्हा सांगायचं हे नक्की होतं. वाटेत मनाशी वाक्यंही जुळवली. आधी रहेमतभाईला बाजूला घ्यायचं. झेरॉक्स शोधायची. सकाळी पहिल्या एसटीने बुलढाण्याला जायचं आणि साहेबांच्या दारात बसायचं. साहेब विचारणार, मुलगा नेमका कुठे आहे. त्यापुढचं वाक्य काही केल्या जुळत नव्हतं.

त्यांच्या गल्लीच्या तोंडाशीच मला तो आवाज ऐकू आला. तातेचा. कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

दार सताड उघडं होतं. रहेमतभाईने भिंतीवरची पिंजण काढली होती आणि माळ्यावरची रुई खाली घेतली होती. पहिल्या सालची, त्यांच्या वावरातली. घरभर तंतू उडत होते, त्याच्या दाढीत, भाभीच्या केसांत, चुलीवरच्या दुधाच्या पातेल्यावर. शेजारपाजारच्या बाया सुया ओवत बसल्या होत्या. खाली जमिनीवर गादीची नवी खोळ अंथरलेली होती. रहेमतभाईला मी इतका सरळ बसलेला कधी पाहिला नव्हता.

"या, या!" भाभी म्हणाली. "तुम्हालेच बोलवाले निघाली होती मी. पहा, आता नाई लावत त्या चोरायले. तुम्ही म्हणत होते ना? तुमचं ऐकलं. फोन बंदच करून पेटीत ठेवला. आता काय काम आहे त्याचं? तो येतेच."

"भाभी, फोन बंद नोका ठेवू," मी म्हणालो. "चालू ठेवा."

"काऊन?"

सगळे हात थांबले. रहेमतभाईने तातेवर बोट ठेवून ती गप्प केली आणि माझ्याकडे पाहिलं. बोलायची जागा तीच होती, हे मला समजत होतं.

"कोण्या गाडीनं येते ते सांगाले लावल ना तो," मी म्हणालो.

"हाव की!" ती हसली, पेटीकडे धावली, फोन चालू केला आणि दिवाळीतली पणती ठेवावी तसा ओट्यावर ठेवला. मग तिला काहीतरी आठवलं. "भाऊ, एक काम करा. यायले माप समजून नाई राह्यलं. मोईज तुमच्याएवढाच आहे ना उंचीनं? जरा लेटा बरं इथं."

"अवं, राहू दे," रहेमतभाई म्हणाला, पण खडू त्याच्या हातात तयार होता.

मी चपला काढल्या. त्या खोळीवर आडवा झालो. नवीन कापडाचा वास येत होता. वर पत्र्याखाली रुईचे तंतू सावकाश फिरत होते. रहेमतभाईने माझ्या डोक्यापाशी खडूची एक रेघ मारली आणि गुडघ्यांवर सरकत माझ्या पायांशी गेला.

"आणखी चार बोटं सोडा," भाभी त्याला म्हणाली. "इतक्या सालात वाढला असल पोरगा."

मी पाय आणखी थोडे ताणले.